डावीकडची खालची

तीन रात्री झोपलो नाही.
लवंग झाली, मिठाचं पाणी झालं,
घाड्याचा अंगारा गालाला फासून झाला.
चौथ्या पहाटे दाढेत कोणीतरी
छिन्नीवर हातोडा घालायला लागलं,
माझ्याच छिन्नीवर, माझ्याच तालात.
तेव्हा विजयदुर्गाहून साडेसातची एसटी धरली
आणि देवगडला उतरलो, गाल धरून.

डॉक्टर मुकादम. पोर माझ्या धाकटीच्या वयाची.
खुर्ची मागे कलली. वर पंखा, पंख्याला जळमट.
म्हटलं, चला, बघायला काहीतरी आहे.
"टोचेल," ती म्हणाली. टोचलं.
हळूहळू ओठ माझा राहिला नाही,
अर्धी जीभही गेली त्याच्यामागे.
"दुखलं तर डावा हात वर करा."
करायचा नाही, हे मी एसटीतच ठरवलं होतं.

तोंडावर निळं रबर ताणलं.
भोकातून दाढ एकटी वर,
ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकासारखी.
यंत्राचा आवाज मला नवा नव्हता.
वासाने दचकलो: आधी जळक्या शिंगाचा,
मग विहिरीत टाकतात त्या टीसीएलचा.

मग केसाएवढ्या सुया,
पिवळ्या मुठीची, लाल मुठीची, निळ्या मुठीची.
एक आत घाली, फिरवी, काढून पुसे,
पुढची जरा जाड.
फोटो बघून म्हणाली, "मुळं दोन, वाटा तीन.
एक वाकडी आहे."
मी आ वासून मनात म्हटलं,
बाय, वाकड्या लाकडाची घाई करू नको.
तिनं केली नाही.

तिथे मला कळलं ती काय करते आहे.
चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?
सांध्यातलं कुजलेलं कोरायचं,
कोरं लाकूड लागेपर्यंत टोचत जायचं,
सुकवायचं (ओल राहिली की सगळं फुकट),
मग कापसाची वात, चंद्रूस, तेल,
आणि ठासायचं.
दुसऱ्या खेपेला तिनं भरायच्या गुलाबी काड्या दाखवल्या.
झाडाचा चीकच तो.
मी हातात घेऊन वास घेतला. ती हसली.

तुम्हाला जायचं असेल तर सांगून ठेवतो.
दुपारपर्यंत ओठ जागा होत नाही.
स्टँडवर मी चहा घेतला, तो शर्टानं प्यायला.
संध्याकाळी ठणकतं, पण ते वेगळं:
आधीचं दुखणं भांडायला उठायचं,
हे नुसतं मार खाल्ल्यासारखं गप्प पडून.
दोन दिवस गोळ्या. चार दिवस चावताना
दाढ उंच झाल्यासारखी वाटते.
गाल सुजला, ताप आला, तर वाट बघायची नाही.
मला आला नाही.
मी पेज खाल्ली, आणि बांगड्याचा काटा
एकाच बाजूनं कसा काढायचा
हे साठीनंतर शिकलो.

घरी ही म्हणाली, "उपटून टाकलात असता
तर पाचशेत भागला असता."
मी म्हटलं, गळते म्हणून होडी कोण जाळतं?
"होडी पैशे तरी कमावता," ती म्हणाली,
आणि माझ्यासाठी भात मऊ शिजवायला गेली.

तिसऱ्या खेपेला टोपी.
शीर गेली की दाढ ठिसूळ होते,
टोपीवाचून एखाद्या सुपारीला तडकेल.
आता तिला गरम गार कळत नाही.
मी मुद्दाम बर्फाचं कोकम तिच्यावर धरून बघतो.
शेजारणीला झिणझिण्या येतात,
ही काही बोलत नाही.
काम करते. रात्री जीभ
सवयीनं तिच्याकडे जाते आणि परत येते.

पैसे देऊन उठलो तर डॉक्टरनं विचारलं,
"बाबांचा मचवा तारामुंबरीला पडून आहे,
दोन वर्षं पाण्यात गेला नाही. बघाल का?"

उद्या जातो. छिन्नीला धार लावली आहे.
दुखलं तर हात वर कर,
हे लाकडाला कसं सांगायचं, तेवढं
तिला विचारायचं राहिलं.